पहिली ओळ कोणाची?

गोडादऱ्यातील आमच्या मंदिराच्या सभामंडपात गेले काही आठवडे दोन नकाशे भिंतीस टांगलेले आहेत. आरतीस येणारा प्रत्येक जण घंटा वाजवतो, देवास नमस्कार करतो, आणि परत जाताना त्या नकाशांपुढे क्षणभर थबकतो. मंदिरालगतच्या मोकळ्या जागेवर एक बंदिस्त क्रीडागृह उभारावे असा मंडळाचा मानस आहे. सुरतेच्या पूर्वेकडील ह्या भागात, म्हणजे गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना येथे, यंत्रमागाच्या आणि कापडबाजाराच्या निमित्ताने खानदेशातून व अन्य मराठी मुलखातून आलेल्या कुटुंबांची आता दुसरी-तिसरी पिढी नांदत आहे. ह्या पिढीतील मुले-मुली शहरातील महाविद्यालयांत शिकतात. त्यांतील काहींना बास्केटबॉलचा नाद आहे, आणि खेळावयास स्वतःचे छप्पर असावे ही त्यांची मागणी जुनी आहे. मागणी मान्य झाली. भांडण आता नकाशांवरून आहे.

पहिल्या नकाशात मैदानाच्या एका टोकास प्रशस्त व्यासपीठ आहे, एका लांब बाजूस देणगीदार व निमंत्रित ह्यांच्यासाठी कोचांच्या दोन ओळी आहेत, त्यांमागे खुर्च्या, आणि विद्यार्थ्यांसाठी वर एक अरुंद सज्जा. दुसऱ्या नकाशात व्यासपीठ नाही, कोच नाहीत. मैदानाच्या चारही बाजूंनी नदीच्या घाटासारख्या पायऱ्या तेवढ्या उतरत आल्या आहेत. पहिला नकाशा उघडल्यावर बैठकीत एका महाविद्यालयीन मुलीने विचारले, "काका, सामना आमचा, मग आम्ही वर का बसायचं?" काकांनी हसून विषय बदलला. प्रश्न मात्र तेथेच राहिला. मंडळाने नंतर आमचे मत मागितले. ते देण्यापूर्वी, कागदावरील रेघांऐवजी प्रत्यक्ष उभ्या असलेल्या आणि एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या काही वास्तूंकडे वाचकांनी आमच्याबरोबर पाहावे, अशी आमची विनंती आहे.

प्रथम खेळाविषयी. आपल्याकडील बहुतेक खेळ मैदानात जन्मले आणि नंतर त्यांच्याभोवती भिंती आल्या. बास्केटबॉलचे उलट आहे; तो भिंतींच्या पोटी जन्मला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण-शाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकास, हिवाळ्यात घरात कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी काही खेळ शोधून काढावयाचा होता. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आजही साऱ्या जगात बास्केटबॉलचे कडे दहा फुटांवर असते. कोणत्या शास्त्राने ही उंची ठरविली नाही, एका सज्जाने ठरविली! पुढची गोष्ट तर अधिकच बोधक आहे. त्या सज्जात प्रेक्षक बसत, आणि आपल्या पक्षाचा चेंडू टोपलीत जावा वा दुसऱ्याचा जाऊ नये म्हणून ते हात घालीत. त्यांचा हात अडविण्यासाठी टोपलीमागे फळा आला. आज ज्या फळ्यावर आपटून चेंडू कड्यात शिरतो तो फळा मुळात प्रेक्षकांच्या आगाऊपणावरील उपाय आहे. म्हणजे ह्या खेळात वास्तू, खेळाडू आणि प्रेक्षक ह्यांची नाळ पहिल्या दिवसापासून एकमेकांत गुंतलेली आहे. क्रिकेटमध्ये सीमारेषेपलीकडे बसलेला माणूस खेळापासून दूर असतो; बास्केटबॉलमध्ये पहिल्या ओळीतील माणसाच्या पायाशी चेंडू येऊन पडतो.

महाविद्यालयीन बास्केटबॉलची सर्वांत गाजलेली दोन प्रतिस्पर्धी क्रीडागृहे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, एकमेकांपासून सुमारे दहा मैलांच्या अंतरावर आहेत. एक ड्यूक विद्यापीठाचे, दुसरे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे. पहिले खाजगी आणि धनाढ्य. दुसरे सरकारी, जनतेचे. आपल्याकडे दोन गावांच्या जत्रांत जी चुरस असते तीच येथे दोन विद्यापीठांत आहे, आणि ती दोन इमारतींच्या रूपाने उभी आहे.

ड्यूकचे क्रीडागृह ६ जानेवारी १९४० रोजी उघडले. त्यास आलेला खर्च होता चार लाख डॉलर. १९७२ पासून ते एडी कॅमेरन ह्या प्रशिक्षकाच्या नावाने ओळखले जाते. बाहेरून पाहिले तर ते क्रीडागृह वाटतच नाही. विद्यापीठातील इतर दगडी इमारतींच्या रांगेत ते एखाद्या जुन्या ग्रंथालयासारखे निमूट उभे आहे. आसने अवघी ९,३१४. परंतु खरी गोष्ट आसनांच्या संख्येत नाही, त्यांच्या वाटणीत आहे. मैदानास अगदी लागून असलेल्या खालच्या बाकांवर विद्यार्थी असतात, आणि पैसे मोजून हंगामाची तिकिटे घेणारे प्रतिष्ठित लोक वरच्या मजल्यावर. खालच्या बाकांवर कोणी फारसे बसत नाही. सामना संपेपर्यंत मुले उभीच असतात. मैदानाबाहेरून चेंडू आत फेकण्यासाठी पाहुणा खेळाडू रेघेवर उभा राहिला म्हणजे त्याच्या पाठीशी मुलांच्या हातांची भिंत असते. त्या बाकांवर जागा मिळावी म्हणून मोठ्या सामन्यांआधी मुले आठवडेच्या आठवडे क्रीडागृहाबाहेर तंबू ठोकून राहतात. ही प्रथा १९८६ पासूनची. हे वर्णन वाचताना आम्हांस पंढरपूरची दर्शनबारी आठवली. तेथेही जो रांगेत उभा राहिला तो देवाच्या जवळ पोचतो, आणि रांगेत न लागता जाणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने पाहतात ती सर्वांच्या परिचयाची आहे.

ह्या वास्तूविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. तिचा आराखडा फिलाडेल्फियाच्या होरेस ट्रम्बॉवर ह्यांच्या कार्यालयात तयार झाला, आणि तो करणारे मुख्य शिल्पज्ञ होते ज्युलियन एबली. एबली कृष्णवर्णीय होते. ज्या विद्यापीठाच्या इमारती त्यांनी कागदावर उभ्या केल्या त्या विद्यापीठाच्या पदवीवर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास १९६३ पर्यंत प्रवेश नव्हता. त्यांचे कर्तृत्व विद्यापीठात सर्वांस ठाऊक झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर साडेतीन दशकांनी, १९८६ च्या सुमारास. विद्यार्थ्यांना पहिली ओळ देणारी ही वास्तू ज्याच्या लेखणीतून उतरली त्याच्या मुलास त्या ओळीत उभे राहावयाचा अधिकार नव्हता, हे लक्षात ठेवूनच तिचे गुणगान करावे. कोणाच्या जागा पुढे आहेत एवढे विचारून भागत नाही. दारातून आत कोणाला घेतले, हेही विचारावे लागते.

आता दुसरी वास्तू. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे भव्य घुमटाकार क्रीडागृह १८ जानेवारी १९८६ रोजी उघडले, तेही ड्यूकविरुद्धच्या सामन्याने. आणि यजमानांनी तो ९५–९२ असा जिंकला. आसने २१ हजारांहून अधिक, म्हणजे ड्यूकच्या दुपटीहून जास्त. त्यास विद्यापीठाचे थोर प्रशिक्षक डीन स्मिथ ह्यांचे नाव दिले, ते हयात असताना आणि संघास शिकवीत असताना. बांधकामाचा पैसा खाजगी देणग्यांतून उभा राहिला. देणगी देणारास तिच्या मानाने आसनाचा हक्क मिळाला, आणि मैदानाजवळची उत्तम आसने अशा रीतीने देणगीदारांकडे गेली. विद्यार्थी मागे, वर आणि कोपऱ्यांत विखुरले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. एवढे प्रचंड घर, एवढे उत्तम संघ, आणि आवाज नाही! नव्वदीच्या दशकाच्या आरंभी सॅम कॅसेल नावाच्या एका पाहुण्या खेळाडूने तेथील प्रेक्षकांची थट्टा केली, की ही मंडळी मद्य आणि चीज ह्यांचा आस्वाद घेण्यास जमल्यासारखी वाटतात. ती थट्टा अशी चिकटली की ती पुसण्यासाठी पुढे विद्यापीठास एका कड्यामागे विद्यार्थ्यांना उभे राहण्यापुरती जागा नव्याने काढून द्यावी लागली.

येथे वाचकाने घाईने निर्णय करू नये. मोठ्या क्रीडागृहाच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. लहान घरात नऊ हजार लोक आनंदतात, परंतु त्याच वेळी दाराबाहेर कित्येक हजार राहतात. मोठ्या घरात निदान त्यांना छप्पर मिळते. शिवाय सरकारी विद्यापीठास राज्याच्या तिजोरीतून खेळासाठी पैसा मागण्यास संकोच वाटला असेल, तर त्यास आम्ही दोष देणार नाही. तरी एक विपरीत गोष्ट डोळ्यांत भरतेच. जनतेचे म्हणविणाऱ्या विद्यापीठाने आपली पहिली ओळ विकली, आणि श्रीमंतांचे म्हणविणाऱ्या विद्यापीठाने ती आपल्या मुलांस फुकट दिली.

हे सारे दूरच्या देशाचे झाले. मराठी वाचकास ह्याच्या तोडीचे उदाहरण पाहावयाचे असेल तर सुरतेहून रात्रीची गाडी पकडून सकाळी चर्चगेट गाठावे. तेथे महाविद्यालये नाहीत आणि बास्केटबॉलही नाही, क्रिकेट आहे. परंतु एका किलोमीटरच्या आत उभी असलेली ब्रेबॉर्न आणि वानखेडे ही दोन मैदाने ज्या कारणाने वेगळी झाली ते कारण आमच्या नकाशांवरील भांडणाचे सख्खे भावंड आहे.

ब्रेबॉर्न हे भारतातील क्रिकेटचे पहिले कायमस्वरूपी स्टेडियम. १९३३ साली स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने समुद्र हटवून मिळविलेल्या बॅकबेच्या भरावावर ते बांधले. क्लबचे चिटणीस अँथनी डिमेलो ह्यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न ह्यांना, सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व, असे विचारून जागा स्वस्तात पदरात पाडून घेतली अशी आख्यायिका आहे. २२ मे १९३६ रोजी पायाभरणी झाली, आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी लॉर्ड टेनिसनच्या संघाबरोबरच्या सामन्याने ते उघडले. आराखडा ग्रेगसन, बॅटली आणि किंग ह्या संस्थेचा. त्यांपैकी क्लॉड बॅटली हे जे. जे. कलाशाळेतील वास्तुविद्येचे नामांकित अध्यापक. त्यांचा हात ह्या वास्तूत ओळखू येतो. प्रेक्षकांचे सज्जे उगाच आकाशात चढत नाहीत, समुद्रावरचा वारा अडविला जात नाही, आणि क्लबाचे घर मैदानाकडे असे तोंड करून बसले आहे की जेवणाच्या मेजावरून, व्हरांड्यातून, वरच्या खोल्यांच्या गच्चीतून सामना दिसावा. पाहुणे संघ तेथेच उतरत. बिछान्यातून उठून थेट फलंदाजीस जाता येईल असे मैदान जगात हे एकच, असे त्यांच्यापैकी काही जण कौतुकाने म्हणत. सौंदर्याच्या दृष्टीने विचाराल तर मुंबईत ह्याच्या बरोबरीचे क्रीडांगण दुसरे झाले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु ह्या सौंदर्याचा मालक कोण? ज्याचे तोंड मैदानाकडे आहे ते घर सभासदांचे आहे. वास्तूने पहिल्या दिवशीच सांगून टाकले होते की येथे यजमान क्लब आहे आणि बाकीचे पाहुणे. मग त्याच हंगामात काय झाले? मुंबईची जातवार संघांची जुनी स्पर्धा बॉम्बे जिमखान्यावरून नव्या स्टेडियमवर आली. चौरंगीची पंचरंगी झाली ती ह्याच वर्षी, आणि ह्याच वर्षी हिंदूंच्या संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले. कारण खेळाचे नव्हते. नव्या स्टेडियममध्ये आपल्या जिमखान्यास मिळालेल्या आसनांचा वाटा पुरेसा नाही, अशी त्यांची तक्रार होती. हा प्रसंग आमच्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा. कारण त्या जिमखान्याचे सभासद आपल्यासारख्याच कुटुंबांतले होते, आणि आपण त्यांच्या बाजूने सहज उभे राहू. पुढल्या वर्षी संघ परतला. स्पर्धा १९४६ साली कायमची बंद झाली, आणि जातवार खेळणे बंद झाले हे योग्यच झाले. आसनांचे भांडण मात्र स्पर्धेबरोबर संपले नाही.

ते तीन दशकांनी पुन्हा उफाळले. कसोटी सामने भरवावयाचे क्लबाच्या मैदानावर, क्रिकेट चालवावयाचे मुंबई क्रिकेट संघटनेने, आणि तिकिटांचा वाटा ठरवावयाचा क्लबाने, हे संघटनेस सोसेना. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे तेव्हा महाराष्ट्र विधानसभेचेही अध्यक्ष होते. क्लबाची सूत्रे विजय मर्चंट ह्यांच्या हाती होती. दोघांची भेट झाली, शब्दास शब्द लागला, आणि वानखेड्यांनी आपले स्वतःचे स्टेडियम उभारण्याचा निश्चय केला, असे मुंबईत आजही सांगतात. निश्चय बोलण्यापुरता राहिला नाही. मराठी वास्तुशिल्पज्ञ शशी प्रभू ह्यांनी रेल्वेच्या रुळांलगतच्या चिंचोळ्या जागेवर सुमारे तेरा महिन्यांत स्टेडियम उभे केले, आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइडने त्यात नाबाद २४२ धावा काढल्या. द्विशतकानंतर त्याचे अभिनंदन करावयास एक प्रेक्षक धावत मैदानात शिरला, पोलिसांनी त्यास मारले, आणि प्रेक्षक खवळून दंगा झाला. उद्घाटनाच्या सामन्यातच नव्या वास्तूस कळले की आपल्या पोटात किती मोठा जमाव आहे आणि त्यास किती कमी मोकळीक आहे.

वास्तू म्हणून वानखेडे ब्रेबॉर्नच्या जवळपासही येत नव्हते, हे मान्य केले पाहिजे. घाईने ओतलेले काँक्रीट, उंच चढत गेलेले सज्जे, उन्हात तापणाऱ्या पायऱ्या, शोभेच्या नावाने काही नाही. तरी त्या उत्तर सज्जात जो बसला त्यास विचारा! लोकल गाडीतून उतरून, डबा काखेत मारून येणारा गिरणगावचा आणि दादरचा रसिक तेथे गर्दीने बसे. चांगल्या चेंडूस विरोधी गोलंदाजाचीही वाहवा करी आणि आपल्या खेळाडूचा आळस खपवून घेत नसे. ब्रेबॉर्नवर जो पाहुणा होता तो येथे घरचा झाला. कुरूप वास्तूने जे केले ते सुंदर वास्तूस जमले नव्हते. ही गोष्ट सौंदर्यवाद्यांस रुचणारी नाही. आम्हांसही ती लिहिताना थोडी कडू लागते.

पण कथा येथेच संपती तर फार सोपी झाली असती. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेचे नूतनीकरण झाले. खांबांनी दृष्टी अडू नये असे पुढे झेपावलेले छप्पर आले, प्रत्येकास स्वतंत्र खुर्ची आली, आणि आसने सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांवर उतरली. सोय वाढली, माणसे घटली. मग २ एप्रिलच्या अंतिम सामन्यासाठी त्या ३३ हजारांपैकी सर्वसामान्य जनतेस विकावयास जेमतेम ४ हजार तिकिटे ठेवण्यात आली. बाकीची संघटनेच्या संलग्न क्लबांकडे आणि आंतरराष्ट्रीय मंडळाकडे गेली. तिकिटांचा वाटा मिळत नाही म्हणून जे घर बांधले गेले त्याच घराच्या दारात सामान्य प्रेक्षक पुन्हा हात पसरून उभा राहिला. संघटनेच्या बाजूने एवढे म्हणता येईल की ते संलग्न क्लब म्हणजे केवळ श्रीमंतांचे अड्डे नव्हेत. मैदानांवर तंबू टाकून वर्षानुवर्षे मुलांना खेळविणारे, चटया अंथरणारे, गुणलेखक पुरविणारे लोक त्यांत आहेत, आणि त्यांना जागा मिळणे अन्यायाचे नाही. ड्यूकच्या विद्यार्थ्यांचे नाते जसे खेळाशी, तसेच काहीसे ह्यांचे. तथापि त्या ३३ हजारांत तसे मैदानावरचे किती आणि ओळखीपाळखीचे किती, हा प्रश्न विचारला की उत्तर देणारा कोणी पुढे येत नाही.

एका विनोदी योगायोगाची नोंद करून मुंबई सोडू. वानखेडे स्टेडियमच्या एका सज्जास विजय मर्चंट ह्यांचे नाव आहे. ज्यांच्याशी बिनसल्यामुळे घर वेगळे मांडले त्यांचीच पाटी नव्या घरात लावली गेली. मोठ्या कुटुंबांतील वाटण्या अशाच असतात. आणि वानखेडेची डागडुजी चालू असताना, २००९ च्या डिसेंबरात, कसोटी सामना छत्तीस वर्षांनी ब्रेबॉर्नवर परत आला; वीरेंद्र सेहवागने २९३ धावा केल्या, आणि समुद्राच्या वाऱ्यात त्या जुन्या वास्तूने दाखवून दिले की ती म्हातारी झालेली नाही.

आपल्या घरच्या परंपरेत ह्या प्रश्नास उत्तर आहे का? आहे, आणि दोन्ही प्रकारचे आहे. गोव्याकडील वाचकांस देवळातील मानाची भांडणे सांगावयास नकोत. पालखीस पहिला खांदा कोणाचा, प्रसाद प्रथम कोणास, सभामंडपात कोणी कोठे बसावे, ह्यांवरून घराण्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत. पहिल्या नकाशातील कोच हे त्याच वंशातले. परंतु त्याच देवळाच्या अंगणात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो तेव्हा काय होते? रंगभूमीस लागून मुले बसतात, अगदी पात्रांच्या पायांशी. त्यांमागे बायाबापड्या, त्यांमागे पुरुष मंडळी, आणि मानकरी कोठेतरी खांबास टेकून. राक्षस गर्जना करीत आला की पहिली ओळ किंचाळून मागे सरकते आणि त्या किंचाळण्याने नटास चेव येतो. ही मांडणी कोणा शिल्पज्ञाने आखलेली नाही. लहानांस पुढे बसवावे, मोठ्यांस डोक्यावरून दिसते, एवढ्या घरगुती शहाणपणातून ती आली. ड्यूकची खालची बाके आणि दशावताराची पहिली ओळ ह्यांत आम्हांस तत्त्वाचा फरक दिसत नाही.

आमच्या शहरातील अठवालाइन्सचे पंडित दीनदयाळ उपाध्याय क्रीडागृह पाहा, तेथे सोय उत्तम आहे, मग आपण लहान घर कशास बांधावे, असे मंडळातील काहींचे म्हणणे आहे. महानगरपालिकेचे ते क्रीडागृह शहरास भूषणावह आहे ह्यात शंका नाही. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतील टेबल टेनिस तेथेच झाले. पण काही हजार प्रेक्षक आणि मध्यभागी नऊ फुटांचे मेज, हे प्रमाण सर्व खेळांस वापरावयाच्या सार्वजनिक वास्तूस अपरिहार्य असते. ते शहराचे काम आहे, शहराने ते केले. मंदिराच्या आवारातील घराचे काम निराळे, आणि गोडादऱ्याहून अठवालाइन्सला रोज सायंकाळी सरावास जाणे कोणत्या मुलीस घरून परवानगी मिळेल, हेही विचारात घ्यावे.

आता आमच्या नकाशांकडे. बास्केटबॉलचे मैदान आंतरराष्ट्रीय मापाने २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, आणि त्याच्या सभोवार निदान २ मीटर जागा निर्वेध असावी लागते. म्हणजे भिंती अगर पायऱ्या सुरू होण्यापूर्वी ३२ मीटर गुणिले १९ मीटर इतकी जमीन मोकळी पाहिजे. वर छप्पर निदान ७ मीटर उंच. आम्ही मंडळातील दोन मुलांस घेऊन जागेवर फीत धरून पाहिले. पहिल्या नकाशात व्यासपीठासाठी एका टोकाकडील मोकळी जागा १ मीटरवर आली आहे; कड्याखालून वेगाने धावत गेलेला मुलगा सरळ व्यासपीठाच्या दगडी कडेवर आपटेल. शिल्पकाराने ती कड काढून व्यासपीठ मागे सरकवावे म्हटले तर लग्नकार्यास ते अपुरे पडते, असे उत्तर मिळाले. म्हणजे मुळात हा नकाशा मंगल कार्यालयाचा आहे आणि त्यात दोन कडी टांगलेली आहेत. मंगल कार्यालय बांधण्यात गैर काही नाही. गोडादऱ्यास त्याचीही गरज आहे, आणि त्याच्या भाड्यातून मंदिराचा खर्च निघेल हा हिशेब खोटा नाही. मात्र देणगीची पावती क्रीडागृहाच्या नावाने फाडली गेली आहे.

कोचांविषयी आमचे मत ह्याहून सौम्य नाही. देणगीदारांचा मान राखलाच पाहिजे; त्यांच्यावाचून वीट चढणार नाही. परंतु मान म्हणजे पहिली ओळच, असे समीकरण मांडण्याचे कारण नाही. दारावरच्या शिळेवर नाव कोरावे, उद्घाटनास नारळ त्यांच्या हस्ते वाढवावा, आणि दुसऱ्या नकाशातील सर्वांत वरच्या पायरीस पाठ टेकावयास लाकडी फळी लावून ती जागा ज्येष्ठांसाठी राखावी. गुडघे दुखणाऱ्या माणसास तेथे चढण्याचा त्रास नको म्हणून ती पायरी बाहेरच्या चौथऱ्याच्या पातळीस आणावी. जमीन मंदिराकडून उताराची असल्याने हे सहज साधते. मुले खाली, खेळाजवळ. वडील मंडळी वर, पाठ टेकून. तेथून सारे मैदान एका नजरेत येते, हे आम्ही चौथऱ्यावर उभे राहून पाहिले आहे.

दुसरा नकाशाही निर्दोष नाही. चारही बाजूंनी सारख्याच पायऱ्या काढण्याचा आग्रह केवळ डौलासाठी आहे. पश्चिमेकडील पायऱ्यांवर दुपारी तीनपासून झरोक्यांतून ऊन येईल आणि तेथे कोणी बसणार नाही, तेव्हा ती बाजू कमी करून तेथे मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आणि पाण्याची सोय करावी. ह्या खोलीचा दोन्ही नकाशांत पत्ता नाही, ही गोष्ट आम्हांस फार खटकली. मंदिराकडून येणारे दार उत्तरेस घ्यावे, म्हणजे सामन्याचा गलका आरतीच्या वेळी गाभाऱ्यापर्यंत पोचणार नाही. पादत्राणांची जागाही दाखविलेली नाही; ती दाराच्या डाव्या हातास, चौथऱ्याखाली सहज निघेल.